बेचाळीस औषधांचा डॉक्टर

मंगळवारी नाईट उतरून घरी आले, मोबाईल चार्जिंगला लावला, तर ताईचा मेसेज. "हे वाच गं. तुझ्या लाइनीतलं आहे. पोराचं भलं होईल." खाली तोच मजकूर, जो मी त्याआधी शाळेच्या ग्रुपवर, सोसायटीच्या ग्रुपवर आणि एकदा तर भजनी मंडळाच्या ग्रुपवर पाहून सोडून दिला होता. माझी चूक. तेव्हाच बोलायला हवं होतं.

मजकूर ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. दहावी-बारावी कुठल्याही शाखेतून पास असाल, तर १८ महिन्यांत 'सीएमएस अँड ईडी', म्हणजे 'कम्युनिटी मेडिकल सर्व्हिसेस अँड एसेन्शियल ड्रग्ज', हा डिप्लोमा करा. वर्ग फक्त रविवारी, दहा ते एक. सुप्रीम कोर्टाची २००३ पासून मान्यता. जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीतली ४२ अ‍ॅलोपॅथिक औषधं देण्याचा कायदेशीर हक्क. संस्था भारत सरकार नोंदणीकृत आणि आयएसओ प्रमाणित. नावापुढे आरएमपी लावा, स्वतःचं प्राथमिक उपचार केंद्र नाहीतर लॅब उघडा. अमेरिकेतही मेडिकल असिस्टंटला तुफान मागणी. मग एक वाक्य माझ्यासारख्या नर्सेससाठी: 'नर्सिंगला जाऊन तीन वर्षं चादरी घालण्यात घालवू नका!' आणि शेवटी ठळक अक्षरात: 'कंपाउंडर किती दिवस राहणार? आता डॉक्टर व्हा.'

हे शेवटचं वाक्य आमच्या घरी नेमकं लागलं. भाचा बारावी आर्ट्‌स झालाय आणि चार वर्षं गावातल्या डॉक्टरांकडे कंपाउंडर आहे. नंबर लावतो, बीपी घेतो, ड्रेसिंग करतो, पुड्या बांधतो, इंजेक्शनंही देतो. कोर्सची फी ४५,०००. ताईने भिशी उचलली आणि ५,००० भरून मोकळी झाली. मी फोन करून ओरडले, तर म्हणाली, "अगं, सुप्रीम कोर्टाचं नाव आहे त्यात. सुप्रीम कोर्ट खोटं बोलेल का?"

नाही, कोर्ट खोटं बोलत नाही. म्हणून मी तो निकालच काढून वाचला.

निकाल खरा आहे. १४ फेब्रुवारी २००३, सुभाशिष बक्षी विरुद्ध पश्चिम बंगाल मेडिकल कौन्सिल. नेटवर फुकट मिळतो आणि फार लांबही नाही. हा मजकूर पुढे ढकलणाऱ्यांपैकी एकाने जरी तो उघडला असता, तरी मला हे लिहावं लागलं नसतं. त्यातली हकिकत अशी. पश्चिम बंगाल सरकारने १९८० च्या सुमारास खेड्यांसाठी तीन वर्षांचा एक पदविका अभ्यासक्रम सुरू केला. सरकारनेच शिकवलं, सरकारनेच परीक्षा घेतली, आणि पास झालेल्यांना सरकारनेच आपल्या ग्रामीण आरोग्यसेवेत नेमलं. त्यासाठी राज्याने आपला वैद्यकीय कायदाही बदलला. पुढे वाद असा झाला की या लोकांना औषध लिहून देण्याचा, आजारपणाचा आणि मृत्यूचा दाखला देण्याचा अधिकार आहे की नाही. कोर्टाने म्हटलं, उपचार करायला नेमलंय तर औषध लिहिण्याचा आणि दाखला देण्याचा अधिकार त्यातच येतो.

एवढंच. एका राज्याचा, एका राज्याच्या कायद्याखालचा, तीन वर्षांचा सरकारी अभ्यासक्रम आणि सरकारी नेमणूक. त्या अभ्यासक्रमाच्या नावात 'कम्युनिटी मेडिकल सर्व्हिस' हे शब्द होते, आणि या रविवारच्या क्लासवाल्यांच्या डिप्लोमाच्या नावातही ते शब्द आहेत. नातं इथेच संपतं. आडनाव सारखं म्हणून शेजाऱ्याच्या सातबाऱ्यावर हक्क सांगण्यातला हा प्रकार. तलाठ्याने हाकलून दिलं असतं. पण मेसेजला तलाठी नसतो.

उलट सुप्रीम कोर्टाचंच काढायचं तर १९९६ चा पूनम वर्मा खटला काढा, मुंबईतला. रीतसर नोंदणी असलेल्या होमिओपॅथी डॉक्टरने तापाच्या रुग्णाला अ‍ॅलोपॅथीची औषधं दिली, रुग्ण गेला. ज्या पद्धतीचं शिक्षण नाही त्या पद्धतीने उपचार करणारा हा भोंदूच, अशा अर्थाचं कोर्टाने स्पष्ट लिहिलंय. तेही वर्षानुवर्षं शिकून नोंदणी झालेल्या माणसाबद्दल. रविवारच्या क्लासचं काय होईल ते सांगायला वकील नको.

आता ती ४२ औषधं.

जागतिक आरोग्य संघटना अत्यावश्यक औषधांची यादी काढते, हे खरं. पहिली यादी १९७७ ची. तिच्यातच दोनशेहून जास्त औषधं होती आणि पुढे ती वाढतच गेली. आपल्या देशाची वेगळी राष्ट्रीय यादी आहे, तिची २०२२ ची आवृत्ती ३८४ औषधांची. बेचाळीस कुठेच नाहीत. आणि असते तरी काय? ही यादी सरकारांसाठी असते. कुठली औषधं साठ्यात कायम असली पाहिजेत, कुठली परवडणारी हवीत, ते ठरवायला. कोणी कोणाला काय टोचावं याचा परवाना तिच्यात नाही. बाजार समितीच्या भावफलकावर कांदा लिहिलाय म्हणून फलक वाचणारा अडत्या होत नाही.

भाच्याला संस्थेने जे रंगीत पत्रक दिलंय, त्यावर ती ४२ नावं छापली आहेत. मी फोटो मागवून घेतला. पॅरासिटामॉल, ओआरएस, जिंक, आयर्न, इथवर ठीक. आमच्या आशाताईही ओआरएसची पाकिटं देतात. पण खाली सरकलं की सिप्रोफ्लॉक्सासिन, मेट्रोनिडाझोल, डायक्लोफिनॅकचं इंजेक्शन. आणि त्या रांगेत, जणू हळद-मीठ असावं तसं, डेक्सामेथासोन.

डेक्सावर थांबावंच लागेल.

दोन वर्षांपूर्वीची नाईट. रात्री अडीचच्या सुमारास छोटा हत्तीमधून एका बाईला आणलं, पन्नाशीची, ऊसतोडीला जाणारी. ग्लानीत. श्वास जोरजोरात आणि त्याला गोडसर वास. उजव्या पायाला फडकं गुंडाळलेलं, ते सोडलं तर आतला वास सगळ्या वॉर्डात पसरला. मी बोटाला सुई टोचून ग्लुकोमीटरच्या पट्टीवर थेंब धरला. आकडा आलाच नाही. स्क्रीनवर नुसतं 'हाय'. साखर ६०० च्या वर गेली की आमच्या मशीनला मोजता येत नाही, ते हात वर करतं.

नवऱ्याला विचारलं, औषध काय चाललंय? त्याने खिशातून चिठ्ठी काढली. वहीच्या पानाचा अर्धा तुकडा. त्यावर तीन दिवसांची नोंद: डेक्सा, डायक्लो, आणि 'लाल सलाईन'. खाली निळा रबरी शिक्का, नावापुढे डॉक्टर आणि नावानंतर तीच पदवी, सीएमएस अँड ईडी. नवरा म्हणत होता, "पहिल्या दिवशी लई बरं वाटलं होतं हिला. ताप पळाला, उठून भाकरी केली."

वाटणारच. डेक्सा हे स्टेरॉइड आहे. ते ताप उतरवतं, सूज उतरवतं, माणसाला तरतरी आणतं, आणि त्याच वेळी साखर भडकवतं आणि जंतूंशी लढणारी शरीराची ताकद दाबून टाकतं. पायात पू झालेल्या मधुमेही बाईला ते सलग तीन दिवस देणं म्हणजे घरात धूर भरलाय म्हणून डोळे मिटून घेण्यासारखं आहे. बाईला मधुमेह आहे हे त्या शिक्केवाल्याने विचारलंच नव्हतं. नवऱ्याला माहीत होतं, पण विचारलं नाही म्हणून त्यानेही सांगितलं नाही. मेडिकल ऑफिसर आले, सलाईन जोडलं, इन्शुलिन सुरू केलं, १०८ ला फोन लावला आणि तिला जिल्ह्याला पाठवलं. ती वाचली. महिन्याभराने ड्रेसिंगला आली तेव्हा उजव्या पायाची दोन बोटं नव्हती. त्या घरात दोन कोयते चालायचे, आता एकच चालतो.

त्या शिक्केवाल्याचा मला राग आला नव्हता असं नाही. पण त्याच्याकडेही असंच एक रंगीत पत्रक असणार, आणि त्यावर कोणीतरी छापलेलं असणार की हे औषध तू देऊ शकतोस, सुप्रीम कोर्ट तुझ्या पाठीशी आहे. त्याच्याही आईने भिशी उचलली असेल.

'नावापुढे आरएमपी लावा.' या तीन अक्षरांची तर गंमतच आहे. कायद्यात आरएमपी म्हणजे रजिस्टर्ड मेडिकल प्रॅक्टिशनर, ज्याचं नाव मेडिकल कौन्सिलच्या नोंदवहीत आहे असा डॉक्टर. शेड्यूल एचच्या औषधाच्या पाकिटावर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं ना, की नोंदणीकृत डॉक्टरच्या चिठ्ठीवरच विकावं, तिथला आरएमपी हा. क्लासवाले त्याचा विस्तार 'रूरल मेडिकल प्रॅक्टिशनर' असा करतात. गावकऱ्याला अक्षरं दिसतात, विस्तार दिसत नाही. आणि पोलिसाला नोंदणी क्रमांक हवा असतो, विस्तार नाही.

पोलीस येतात का? येतात. महाराष्ट्र वैद्यक व्यवसायी अधिनियम १९६१ चं कलम ३३ नोंदणी नसताना उपचार करणाऱ्यांसाठीच आहे, आणि त्यात तुरुंग आहे. केंद्राच्या २०१९ च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्यात कलम ३४ आहे: एक वर्षापर्यंत कैद, किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. ताई, पाच लाख. त्यासाठी किती भिश्या लागतील ते मोज. बोगस डॉक्टरांची मोहीम निघाली की तालुका आरोग्य अधिकारी गाडी घेऊन येतात, सलाईनच्या बाटल्या पंचनाम्यात जातात आणि दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो येतो. त्या फोटोत क्लासचा संचालक कधीच नसतो.

आता तासांचं बघू, म्हणजे 'चादरी' वाल्या वाक्याकडेही येता येईल. १८ महिन्यांत रविवार येतात ७८. दिवाळी नाही, गणपती नाही, शिमगा नाही, एकही दांडी नाही असं धरलं तरी रोज तीन तासांनी झाले २३४ तास. २०२१ साली संसदेने सहयोगी आरोग्यसेवा व्यावसायिकांसाठी कायदा केला. ऑपरेशन थिएटरमधला तंत्रज्ञ, डायलिसिसचा तंत्रज्ञ, लॅबमधला, असे डॉक्टरच्या बाजूला उभे राहून काम करणारे सगळे त्यात येतात. त्या कायद्याच्या व्याख्येतच लिहिलंय: पदविका किंवा पदवी, किमान २,००० तास, दोन ते चार वर्षांत. म्हणजे डॉक्टरला मदत करणाऱ्याला २,००० तास, आणि स्वतः डॉक्टर होणाऱ्याला २३४. वा.

आणि हो, मी चादरी घातल्या. २००६ साली जीएनएमला, म्हणजे नर्सिंगच्या डिप्लोमाला लागले, तेव्हा तो साडेतीन वर्षांचा होता, आता तीन. पहिले कित्येक दिवस बेडमेकिंगच. चादरीचा कोपरा पाकिटासारखा दुमडायचा, एक सुरकुती दिसली की ट्यूटर अख्खा बेड उस्कटून टाकायच्या. आम्ही मागे त्यांना काय काय म्हणायचो ते इथे लिहीत नाही. पुढे बर्न्सच्या वॉर्डात पोस्टिंग लागली तेव्हा कळलं, हलता न येणाऱ्या माणसाच्या पाठीखालची एक सुरकुती म्हणजे दोन दिवसांत फोड आणि आठवड्यात जखम. इंजेक्शन आधी उशीला दिलं, मग डमीला, मग माणसाला. माणसाला देताना ट्यूटर मागे उभ्या. मी सुई काढली, कापूस दाबला, सुटले एकदाची म्हणून वळले, तर त्यांनी विचारलं, "दिलंस. आता काय बघशील?" मला उत्तर आलं नाही. त्या दिवशी मला जेवायलाही सोडलं नाही, त्या पेशंटच्या शेजारी अर्धा तास बसवलं. नाडी बघ, घाम बघ, अंगावर पुरळ येतंय का बघ. टोचायला कोणीही चार दिवसांत शिकतं. साडेतीन वर्षं त्या 'आता काय बघशील' साठी लागतात.

'भारत सरकार नोंदणीकृत, आयएसओ प्रमाणित.' यावर फार वेळ घालवत नाही. पत्रकाच्या तळाशी सात शिक्के आहेत. एक सोसायटी नोंदणी कायदा १८६० चा. त्या कायद्याखाली कोणतंही क्रीडा मंडळ, वाचनालय, महिला मंडळ नोंदवता येतं. आमच्या गल्लीतलं गणेश मंडळही नोंदणीकृत आहे, ते अजून कुणाला डॉक्टर करत नाही. एक लघुउद्योगाच्या नोंदणीचा, तो पापडाच्या कारखान्यालाही मिळतो. आयएसओ ९००१ म्हणजे कार्यालयाचं कामकाज ठरलेल्या पद्धतीने चालतं एवढंच, काय शिकवतात याच्याशी त्याचा संबंध नाही. हव्या त्या तीन शिक्क्यांपैकी एकही नाही: मेडिकल कौन्सिल नाही, नर्सिंग कौन्सिल नाही, पॅरामेडिकल कौन्सिल नाही.

लॅब उघडा म्हणे. डीएमएलटी, म्हणजे लॅब तंत्रज्ञाचा डिप्लोमा, केलेल्यालाही स्वतःच्या सहीने रिपोर्ट देता येत नाही. १२ डिसेंबर २०१७ ला सुप्रीम कोर्टानेच सांगितलं की रिपोर्टवर सही पॅथॉलॉजीत पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या नोंदणीकृत डॉक्टरची हवी. हा निकाल पत्रकात का नाही, विचारा त्यांना.

अमेरिकेचं म्हणाल तर तिथे मेडिकल असिस्टंट हे खरंच काम आहे, आणि मागणीही आहे. पण त्याला औषध लिहिता येत नाही, निदान करता येत नाही, तो डॉक्टरच्या देखरेखीखालीच काम करतो. बीपी, वजन, नोंदी, रक्ताचा नमुना, डॉक्टरने सांगितलेलं इंजेक्शन. तिथलं नावाजलेलं प्रमाणपत्र हवं तर तिथल्याच मान्यताप्राप्त संस्थेतून शिकावं लागतं, इथलं पत्रक तिथे कोणी बघणार नाही. थोडक्यात, अमेरिकेतला मेडिकल असिस्टंट म्हणजे रीतसर शिकलेला आमचा कंपाउंडर. त्याचं उदाहरण देऊन हे लोक कंपाउंडरला सांगतात, कंपाउंडर राहू नकोस!

आता थोडं त्यांच्या बाजूचं. आवडत नाही, पण खोटं कशाला बोलू.

गावात डॉक्टर नाही, हे खरं आहे. ताईच्या गावातले डॉक्टर रोज शहरातून येऊन-जाऊन करतात, सहानंतर कोणी नाही. रात्री पोराला ताप आला तर माणूस जो जवळ आहे त्याच्याकडेच जाणार. छोटे कोर्स असतात, हेही खरं आहे, आणि सगळेच बोगस नसतात. जनरल ड्युटी असिस्टंटचा काही महिन्यांचा कोर्स सरकारी कौशल्य योजनेतून चालतो. नाशिकच्या मुक्त विद्यापीठानेही रुग्ण सहायकाचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम चालवला आहे. कोविडच्या वेळी, जून २०२१ मध्ये, पंतप्रधानांनी एक लाख लोकांसाठी अशाच छोट्या प्रशिक्षणाची घोषणा केली होती. त्यातून शिकलेल्यांनी मोठं काम केलं, मी त्यांच्याबरोबर पीपीई घालून उभी राहिलेय. रुग्णाला आंघोळ घालणं, कूस बदलणं, भरवणं, बेडपॅन देणं, ट्रॉली नेणं, बीपी-तापाची नोंद. सन्मानाचं काम आहे. फक्त त्या कोर्सवाल्यांनी कधी असं म्हटलं नाही की सहा महिन्यांत तुम्ही डॉक्टर.

आणि सहा महिन्यांच्या प्रशिक्षणानंतर उपकेंद्रात औषध देणारे लोकही आहेत, समुदाय आरोग्य अधिकारी. पत्रकात त्यांचा उल्लेख मोठ्या चलाखीने केलाय. पण ते सहा महिने कशावर? आधी बीएएमएस किंवा बीएस्सी नर्सिंगसारखी पदवी, मग सहा महिने, मग सरकारी नेमणूक, आणि औषधं ठरवून दिलेली. साडेपाच वर्षं होमिओपॅथी शिकलेल्यांनी आरोग्य विज्ञान विद्यापीठाचा एक वर्षाचा कोर्स करून अ‍ॅलोपॅथी द्यावी की नाही, यावर आयएमएने, म्हणजे डॉक्टरांच्या संघटनेने, किती विरोध केला ते सगळ्यांनी बघितलंय. तिथे साडेसहा वर्षांवर भांडण आहे. आणि आपण ७८ रविवारांवर पैसे भरून बसलोय.

भाच्याबद्दल एक सांगते. त्याचा हात खरंच चांगला आहे. वाळलेल्या म्हाताऱ्याची शीर, जी आमच्याकडे दोन स्टाफना सापडत नाही, ती तो बोट फिरवून काढतो. म्हणून बुधवारी फोनवर मी त्याला सरळ विचारलं, "तू इंजेक्शन दिलंस. दोन मिनिटांत पेशंट गार पडला, घाम फुटला, ओठ सुजायला लागले, बीपी लागेना. पहिलं काय करशील?"

तो एक क्षणही थांबला नाही. "सरांना हाक मारीन."

उत्तर बरोबर आहे. चार वर्षं तो जिथे काम करतोय तिथे हेच उत्तर आहे. सर आतून येतील, मांडीत अ‍ॅड्रिनलिन देतील, पाय उंच करतील, ऑक्सिजन लावतील. मी विचारलं, "आणि तुझ्या स्वतःच्या केंद्रात? तिथे कुणाला हाक मारशील?" पलीकडून बराच वेळ नुसता गिरणीचा आवाज येत राहिला, ताईच्या घराशेजारी पिठाची गिरणी आहे.

मग म्हणाला, "मावशी, पण मग मी काय कायम पुड्याच बांधू?"

हा प्रश्न खरा आहे आणि त्याला उत्तरही आहे, फक्त ते १८ महिन्यांत बसत नाही. जीएनएमला आर्ट्‌सवाला चालतो. बारावीला ४० टक्के आणि इंग्रजी विषयात पास लागतं, वय ३५ च्या आत. मुलांनाही प्रवेश आहे, ब्रदर म्हणतात आमच्याकडे, आणि आयसीयू-कॅज्युअल्टीत त्यांना सोन्याचा भाव आहे. परीक्षा महाराष्ट्र राज्य शुश्रूषा व परावैद्यक शिक्षण मंडळ घेतं, नंतर महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलला नोंदणी होते. प्रवेश घेण्याआधी कॉलेज कौन्सिलच्या यादीत आहे का ते बघायचं, कारण इथेही दुकानं निघालीत. तीन वर्षं जातील, आणि चादरी घालाव्या लागतील.

भाच्याला इंग्रजीत ४१ आहेत. त्याला वाटत होतं एवढ्यावर काही होत नाही, म्हणून चार वर्षांत कुणाला विचारलंही नाही. पत्रकवाल्यांनी मात्र आपण होऊन विचारलं. त्यांचं फावतं ते इथेच.

काल त्याने प्रवेश अर्जाचे राहिलेले फोटो पाठवले. शेवटच्या पानावर, जिथे ताईची पालक म्हणून सही आहे, तिथे मुंगीएवढ्या अक्षरात नियम क्रमांक १४: 'सदर अभ्यासक्रम केवळ ज्ञानवृद्धीसाठी आहे. व्यवसाय करताना त्या त्या राज्याचे कायदे पाळणे ही सर्वस्वी विद्यार्थ्याची जबाबदारी राहील.' म्हणजे वर सुप्रीम कोर्ट, खाली ज्ञानवृद्धी. त्यांना पक्कं माहीत आहे. आपल्या सगळ्यांपेक्षा जास्त माहीत आहे. ताईला मी ते पान मोठं करून, लाल गोल काढून पाठवलं. दोन निळ्या टिका आल्या, उत्तर नाही. रात्री भाच्याकडून कळलं, तिने राहिलेले ४०,००० भिशीवाल्या काकूंकडे ठेवायला दिलेत.

५,००० परत मिळतील असं मला वाटत नाही, नियम क्रमांक ९ मध्ये तेही लिहिलंय. पण त्यांनी बारावीची मूळ मार्कशीट आणि शाळा सोडल्याचा दाखला ठेवून घेतलाय, 'पडताळणीसाठी'. जीएनएमच्या अर्जाला दोन्ही लागतील. रविवारी त्यांचा वर्ग असतो, म्हणजे ऑफिस उघडं असणार. मी ड्युटी बदलून घेतली आहे, दहा वाजता भाच्याला घेऊन तिथे जातेय. तुमच्याकडच्या कुणी पैसे भरून कागद दिले असतील, तर तुम्हीही आधी कागद ताब्यात घ्या, फीचं भांडण नंतर करा.